चौथ्या पानावरची सहावी ओळ

"सर, तुमचं पुस्तक वाचून एका पेशंटनं गोळ्या बंद केल्यात," डॉक्टर नेजकर म्हणाली.

हे ऐकून माझ्या मनात जो पहिला विचार आला, तो सांगायला आज अठरा वर्षांनंतरही लाज वाटते. मला वाटलं, म्हणजे कोणीतरी वाचलं.

दुसरा विचार यायला चार-पाच सेकंद लागले.

"बंद म्हणजे?"

"तीन महिने एकही गोळी घेतली नाही. धोंडिराम हावळ. इचलकरंजीचा आहे, यंत्रमागावर जॉबर. माग बिघडले की दुरुस्त करणारा माणूस. गेल्या वर्षी त्याच्या रक्तात रोग जवळजवळ दिसेनासा झाला होता. आता हे बघा." तिने रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "विचारलं तर म्हणतो, पुस्तकात लिहिलंय. पान चार."

"कुठल्या पुस्तकात?" मी उगाच विचारलं. माझं आयुष्यात एकच पुस्तक होतं.

पुस्तक म्हणजे सोळा पानांची पुस्तिका. 'तुमचा आजार आणि तुमची गोळी.' डॉक्टर नेजकर ही माझी जुनी विद्यार्थिनी. सांगलीच्या कॉलेजात मी चौतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. शिकवलं म्हणजे फळ्याकडे तोंड करून बोललो. मुलांकडे वळून बघायचा मला धीर होत नसे. रस्त्यात जुने विद्यार्थी भेटतात ते मला मागून ओळखतात, समोरून नाही. नेजकर पहिल्या बाकावर बसायची. रक्ताच्या आजारांची डॉक्टर होऊन ती आमच्या भागात परत आली, आणि मी निवृत्त होऊन घरात पुस्तकांना कव्हरं घालत बसलो होतो, तेव्हा तिने हे काम माझ्या गळ्यात घातलं. "पेशंटना समजेल असं मराठीत लिहा, सर. माझ्याकडे प्रत्येकाला समजवायला सात मिनिटं असतात."

मी चौसष्ट पानं लिहिली. पेशींना बाहेरून निरोप कसे येतात, वाढ, थांब, मर; ते निरोप पेशीच्या आवरणावर कोण घेतं आणि आत हातोहात कसे पोचवले जातात; या संथ चालीच्या रक्ताच्या कर्करोगात त्या साखळीतलं एक प्रथिन कसं बिघडतं आणि बाहेरून निरोप आलेला नसतानाही 'वाढ, वाढ' असं आत सांगतच राहतं. त्या प्रथिनाला मी 'स्फुरदस्थापक विकर' असं नाव दिलं होतं आणि दोन दिवस त्या नावावर खूश होतो.

नेजकर पहिलं पान वाचून म्हणाली, "सर, हा पेशंट आजारानं नाही, शब्दानं जाईल."

मग मी तो यंत्रमागाचा दाखला शोधून काढला. तिच्याकडचे बरेच पेशंट इचलकरंजीचे, त्यांना माग समजणार. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग आपोआप थांबतो; तशी पेशीतही थांबायची सोय असते. या आजारात हँडल चालूच्या बाजूला सरकून बसतं, मग धागा तुटो नाहीतर कापड फाटो, माग चालतच राहतो. आणि पुढे ती सहावी ओळ: ही गोळी ते हँडल जागेवर आणते.

"त्याचं म्हणणं असं," नेजकर म्हणाली, "हँडल जागेवर आलं, रिपोर्टात तसं दिसलं, मग गोळीचं काम संपलं. सर, ही गोळी काही दुरुस्त करत नाही. त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि त्याला गप्प ठेवते, बसलेली असते तोवर. दिवसभरात शरीराबाहेर जायला लागते, म्हणून तर रोज घ्यायची."

"मला माहीत आहे ते," मी म्हणालो.

"तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. हावळला माहीत नाही. मी दोनदा सांगून बघितलं. म्हणतो, डॉक्टर गोळी खायलाच सांगणार, ते त्यांचं कामच. पण लिहिणाऱ्याला काय पडलंय खोटं लिहायचं?" ती रिपोर्टाकडे बघत राहिली. "अजून पहिल्या पायरीवर आहे. आत्ता सुरू केली तर बहुतेक खाली येईल. पुढच्या पायरीवर गेला तर ही गोळी पुरत नाही, आणि मग माझ्या हातात फार काही उरत नाही. एकेचाळीस वर्षांचा माणूस आहे, सर."

मी चष्मा पुसायला घेतला.

"एक विचारू? तुम्ही मला दाखवलेल्या मसुद्यात ही ओळ अशी नव्हती, असं मला वाटतंय."

"छापखान्यात काहीतरी झालं असेल," मी म्हणालो.

"तात्यांकडून?"

"वय झालंय त्यांचं."

पुस्तिका जुळवणारे, छापखान्याचे तात्या माझ्याहून तीन वर्षांनी लहान होते.

घरी येऊन मी पुस्तिकेची फाईल काढली. तात्यांकडून आलेले तपासणीचे कागद मी जपून ठेवले होते. मी सगळंच जपून ठेवतो. चौथं पान सापडायला दोन मिनिटं लागली. बघितलं, फाईल बंद केली, नाडी बांधली. मग पुन्हा सोडली आणि तो कागद घडी करून शबनममध्ये टाकला. का टाकला ते तेव्हा मला कळलं नव्हतं. माझ्या धैर्यावर विश्वास ठेवावा असं काही माझ्या पूर्वायुष्यात घडलेलं नव्हतं.

नेजकरने सांगितलं होतं, "तुम्ही जाऊन सांगा. तो फक्त तुमचं ऐकेल."

दुसऱ्या दिवशी मी एस. टी.ने इचलकरंजीला गेलो. जाताना बोलायचा मजकूर चार पानांवर लिहून घेतला होता. बसमध्ये तो मनात म्हणून बघत होतो, तेव्हा ओठ हलत असावेत, कारण शेजारच्या बाईंनी मला जागा जरा जास्तच करून दिली. स्टँडवर उतरल्यावर परतीच्या गाड्यांची वेळ मी दोनदा विचारली. खरं तर घर सापडलं नाही असं सांगून परत जायची माझी तयारी होती. पण पहिल्याच माणसाला 'हावळ जॉबर' म्हणताच तो म्हणाला, "चला, सोडतो," आणि त्याने मला दारात नेऊन उभं केलं. काही गावांत माणसाला चुकायची सोयच नसते.

गल्लीत दोन्ही बाजूंनी माग चालू होते. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पायाखालची फरशी थरथरत होती.

दार एका उंच, सडसडीत माणसाने उघडलं. आजारी म्हणावं असं काही दिसत नव्हतं.

"मी... ती पुस्तिका... नेजकर डॉक्टरांकडची," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग आत वळून ओरडला, "मालन! अगं, पुस्तकवाले सर आल्यात! खुर्ची पूस!"

आणि तो वाकून माझ्या पाया पडला. मला आयुष्यात कोणी लेखक म्हणून नमस्कार केला तो हा एकदाच, आणि करणारा माझ्यामुळे मरायच्या वाटेला लागलेला होता.

"बसा की सर. कवा आलासा? अन् आधी कळवायचं तर. मालन, च्या टाक."

त्याची बायको आतून आली. पदराने हात पुसत तिने मला नीट न्याहाळून घेतलं.

"तुमीच लिवलंय व्हय ते?"

"हो."

"मग तुमीच सांगा ह्यास्नी. डॉक्टरीणबाई सांगून दमल्या, मी सांगून दमले. पुस्तक दावत्यात नुसतं."

"अगं, जे हाय ते हाय," हावळ म्हणाला. त्याने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून आणखी एक पिशवी, आणि तिच्यातून माझी पुस्तिका. चौथ्या पानावर निळ्या खडूची रेघ होती. कापडावर खुणा करायचा खडू. माझ्या ओळीखाली कोणी रेघ मारलेली बघून मला बरं वाटलं. हेही लिहून टाकतो. लपवून काय मिळणार आहे.

मी चार पानं बाहेर काढली. "त्याचं असं आहे हावळ, की आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणावर काही ग्राहक..."

तो मांडी घालून, हात जोडल्यासारखे धरून ऐकत होता. मी दीड पान वाचलं. थांबलो तेव्हा त्याने मान डोलवली.

"लई भारी. पण सर, पुस्तकातलं ह्याच्यापेक्षा चांगलं हाय. ते सरळ हाय." आणि त्याने डोळे मिटून म्हणून दाखवलं, "धागा तुटला तरी माग चालतो, कापड फाटलं तरी माग चालतो. ही गोळी ते हँडल जागेवर आणते."

त्याला ते ठेक्यात म्हणता येत होतं. 'जागेवर आणते' इथे आवाज खाली येऊन कसा टेकत होता! मला तो ठेका ओळखीचा होता. खाली बघून मी चहाची कपबशी उचलली.

"तुम्ही गोळी का बंद केलीत?" मी विचारलं.

"काम झालं की. हँडल आलं न्हवं जागेवर? आता जॉबरनं हँडल बशिवलं, माग नीट चालाय लागला, तर त्यो तितंच उभा ऱ्हातोय व्हय? फुडल्या मागाकडं जातोय."

"आन् खरं सांगा की," मालन म्हणाली. "गोळीनं डोळं सुजत्यात. बोटं वळत्यात. चार म्हैन्यामागं पाना हातातनं पडला, तवा कामगार हसली, ते लागलंय ह्यास्नी."

"तू गप."

"मी का गप? माणूस गेल्यावर बोलू?"

तो हाताची बोटं उघडून-मिटून बघत राहिला. मला समजलं की माझी ओळ त्याला पटली होती असं नव्हे. ती त्याच्या सोयीची होती. बोटं नीट हवी असणाऱ्या माणसाला मी लेखी परवानगी दिली होती.

मी म्हणालो, "हावळ, त्या ओळीत चूक आहे."

"कसली चूक?"

"ती ओळ बरोबर नाही. गोळी बंद करायची नसते."

"छापल्यालं हाय की सर."

"छापलेल्यातही चूक असते."

"कुणाची?"

मी तोंड उघडलं. समोर मालन उभी होती, हातात किटली धरून. "छापखान्याची," मी म्हणालो.

हावळ उठून उभा राहिला. त्याचा चेहरा एकदम बदलला. "कुठला छापखाना? सांगलीतला व्हय? चला. आत्ताच्या आत्ता जाऊ. फटफटी हाय दारात. माणसाच्या जिवाशी खेळ मांडलाय व्हय भडव्यानं? पाय मोडतो त्याचा."

माझ्या डोळ्यांपुढे तात्या उभे राहिले. जाड भिंगांचे, दुपारी दही-भात खाऊन टेबलावर डोकं टेकणारे.

"नको, नको," मी म्हणालो. "तो... तो आज बंद असतो."

"मग उद्या."

"उद्या बघू. आधी मला तुमचे माग दाखवा ना."

हे मी का म्हणालो, मलाही माहीत नाही. विषय बदलायला मी आयुष्यात जे जे बोललो त्यातून मला कधी फायदा झालेला नाही. पण हावळचा राग तेवढ्यापुरता उतरला. त्याला मी त्याचं काम बघायला मागितलं होतं.

"चला की! तशी पाळी सुरूच व्हायची हाय. पण तुमाला काय नवं? एवढं लिवलंय म्हंजे पुष्कळ बघितलं असणार."

"पुष्कळ," मी म्हणालो.

मी सगळं लिहिलं होतं ते वाचनालयातल्या एका जुन्या कोशातल्या आकृतीवरून.

शेड दोन गल्ल्या सोडून होतं. दार ढकललं आणि मला वाटलं, कोणीतरी माझं डोकं पत्र्याच्या पिंपात घालून वरून हाणतंय. चोवीस माग एकदम चालत होते. आडवा धागा नेणारे धोटे डोळ्यांना न दिसता इकडून तिकडे जात होते आणि हवेत कापसाचं बारीक कूस तरंगत होतं. तिथे कोणी बोलत नव्हतं. सगळे हातांनी आणि ओठांनी बोलत होते. एका कामगाराने लांबून दोन बोटं वर करून हावळला काहीतरी विचारलं, हावळने मूठ खाली दाबून उत्तर दिलं, आणि तो हसला. चौतीस वर्षं वर्गात मला जी शांतता हवी होती ती इथे होती, फक्त आवाजासकट.

हावळ मला एका मागापाशी घेऊन गेला आणि त्याने बोटाने विचारलं, हे काय?

मला कळलं नाही. मी मान हलवली.

त्याने दुसऱ्या भागाकडे बोट केलं. मी पुन्हा मान हलवली. मग त्याने हँडलकडे बोट केलं. ज्या हँडलवर मी सोळापैकी चार पानं लिहिली होती, ते हँडल. मी भलत्याच दांड्याला हात लावला.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हललेले मला स्पष्ट वाचता आले: बघितलाच न्हाई?

मी मान खाली घातली.

तो रागावला नाही. मला खांद्याला धरून अगदी टोकाच्या मागाकडे घेऊन गेला. त्यावर पांढऱ्या रंगाने सातचा आकडा काढलेला होता. हा माग बाकीच्यांपेक्षा जुना दिसत होता. हावळने त्याचं हँडल खटकन खाली दाबलं. माग थांबला. मग त्याने हात काढला. दोन सेकंद काही झालं नाही. मग माग फिरवणारा वरचा पट्टा आपोआप सरकत सरकत चाकावर आला आणि माग पुन्हा सुरू झाला. त्याने माझ्या कानाला तोंड लावून ओरडून सांगितलं, "सातनंबर! झिजलाय! पट्टा ऱ्हात न्हाई! हाताला धरायचं!"

त्याने पुन्हा माग थांबवला, माझा हात उचलून हँडलवर ठेवला आणि दाबायची खूण केली. मी दाबून धरलं. लांबून कोणीतरी हात वर केला, तसा हावळ मला 'थांबा' अशी खूण करून त्या बाजूला निघून गेला.

मी हँडल धरून उभा राहिलो.

पहिली दोन मिनिटं मला मजा वाटली. मग मनगट दुखायला लागलं. मी हात बदलला, तेवढ्यात पट्टा सरकायला लागला, म्हणून घाईघाईने दोन्ही हातांनी धरलं. हावळ कुठल्याशा मागाखाली आडवा झालेला होता, त्याचे पायच दिसत होते. हाक मारून उपयोग नव्हता, आणि असता तरी मी मारली नसती. लोक माझ्याकडे बघत होते. धोतर-कोट घातलेला एक म्हातारा बंद माग दोन हातांनी दाबून उभा होता, काही न करता. पण मी काही करत नव्हतो असं नव्हतं. मी धरून होतो. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसत होतं की माग बंद आहे आणि म्हातारा उगाच उभा आहे.

त्या क्षणी मला घाम फुटला. तो दमल्याचा नव्हता.

आणखी थोड्या वेळाने माझी बोटं सुटली. माग धाडकन सुरू झाला. धोट्यात धागा संपलेला होता. कापडात बोटभर रुंदीची जाळी पडत चालली आणि माग चालतच राहिला. एक कामगार धावत आला, त्याने हँडल दाबून धरलं आणि मला काहीतरी म्हणाला. ऐकू आलं नाही ते बरंच झालं. मागून हावळ आला. त्याने फाटक्या कापडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हाताने विचारलं: का सोडलं?

मी त्याचा दंड धरला आणि त्याला ओढत शेडबाहेर नेलं. मी कोणाला ओढत नेल्याची ही एकमेव नोंद.

बाहेर नळाजवळ आवाज जरा कमी होता. 

"हे," मी म्हणालो. "हेच."

"काय हेच?"

"तुमचं हँडल झिजलंय. ते दुरुस्त होत नाही. गोळी ते जागेवर आणत नाही, दाबून धरते. रोज. हात काढला की माग चालू."

हावळ नळाच्या कट्ट्यावर बसला.  "सातनंबरावानी?"

"अगदी तसंच."

"मग लिवायचं की तसं!"

मी शबनममधून तो कागद काढला आणि उघडून त्याच्या हातात दिला. तात्यांनी जुळवलेली ओळ स्वच्छ होती: 'ही गोळी ते हँडल दाबून धरते, दाब सोडला तर माग पुन्हा चालू होतो, म्हणून रोज धरावे लागते.' तिच्यावर लाल शाईची सरळ काट होती आणि समासात लाल अक्षरांत, चौतीस वर्षं पेपर तपासलेल्या हाताने, लिहिलेलं होतं: 'ही गोळी ते हँडल जागेवर आणते.'

"हे तांबडं कुणाचं?"

"माझं."

"छापखान्याचं न्हाई?"

"नाही. छापखान्याने बरोबर जुळवलं होतं. मी बदललं."

"का?"

इथवर आल्यावर काहीतरी भारदस्त कारण असावं असं मला फार वाटत होतं. मी शोधलंही. पण नव्हतं.

"वाक्य लांब झालं होतं," मी म्हणालो. "'धरते' आणि 'धरावे' जवळजवळ येत होते. वाचताना... कानाला बरं वाटत नव्हतं."

"कानाला?"

"हो."

"कानाला बरं वाटंना म्हून?"

"हो."

आत चोवीस माग चालू होते. हावळ माझ्याकडे असा बघत होता, की तो मला मारेल असं वाटलं, आणि मारलं असतं तर मला सुटल्यासारखं झालं असतं. पण त्याने कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि अगदी हळू म्हणाला, "सर, तीन म्हैनं माझा हात सुटला की वो तुमच्या कानापायी."

 मी शेजारी बसलो. मी मनगट चोळत होतो. ते त्याने बघितलं.

"किती वेळ धरलंसा?"

"दहा मिनिटं असतील."

"दहा?" तो हसला. खरोखर हसला. "अवो, चार बी न्हाई झाली. मी एक बोल्ट आवळून आलो."

मग त्याने कमरेची पिशवी सोडली. त्याने पुस्तिका बरोबर आणली होती. मला कामगारांना दाखवायला. त्याने चौथं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.

"लिवा. तुमच्या हातानं. छापल्यालं न्हाई बघणार मी आता."

मी पेन काढलं. निळ्या खडूच्या रेघेवरची ओळ खोडली आणि समासात लिहायला लागलो. तो वाकून बघत होता.

"दाबून धरते, असं लिवा. हां. हात काढला की माग चालू. किती दिवस धरायचं?"

"कायम. डॉक्टर 'सोडा' म्हणत नाहीत तोवर. आपण होऊन कधीच नाही."

"कायम म्हंजे बोटं वळणार. डोळं सुजणार."

"हो. डॉक्टरांना सांगा, त्यावर काही करता येतं. थोडं राहीलच, पण."

"मग ते बी लिवा."

"काय?"

"हात दुखंल म्हून. ते का लपवून ठिवलंसा? आदी सांगितलं असतं तर माणूस तयारीनं धरतोय."

मी लिहिलं: 'हात दुखेल. तरी धरायचं.' त्याने खाली सही मागितली. मी केली, तारीखही घातली. त्याने ते दोनदा वाचलं, ओठ हलवत.

"हे कानाला कसं वाटतंय?" त्याने विचारलं.

"बरं वाटतंय," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

घरी मालनने कोनाड्यातून गोळीची पाकिटं काढली. तीन महिन्यांची, न उघडलेली, ओळीने लावून ठेवलेली. त्याने माझ्यासमोर गोळी घेतली, पाण्याचा पेला पालथा घातला, आणि शेडमध्ये केली होती तशी मूठ खाली दाबून मला दाखवली. त्या खुणेचा अर्थ मला आता विचारावा लागला नाही: धरलंय.

पुढचं थोडक्यात. नेजकरला मी खरं काय ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तात्यांना सांगितलंत?" तात्यांकडे गेलो तर त्यांना माझ्या खोटेपणापेक्षा मी त्यांचं वय झालं म्हणालो याचा जास्त राग आला. हावळचा रिपोर्ट खाली यायला चौदा महिने लागले. पहिल्यांदा जितका आला होता तितका खाली तो पुन्हा कधी आला नाही. पण वरही गेला नाही, आणि त्या रेषेवर तो अजून आहे. ते चौदा महिने मी कसे काढले ते लिहीत नाही. माझ्यापेक्षा ते हावळ आणि मालनचे होते. पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत नेजकरला 'हात दुखेल' हे काढून टाकायचं होतं. पेशंट घाबरतील म्हणाली. मी नाही म्हणालो. तिने आश्चर्याने माझ्याकडे बघितलं. बहुधा समोरून पहिल्यांदाच. त्या सोळा पानांतलं लोकांच्या लक्षात राहतं ते तेवढंच वाक्य, आणि ते माझं नाही.

आता मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं दुखणं निघालं आणि मलाही रोजची गोळी लागली. ती पेशींवरच्या कुठल्या ग्राहकाला अडवते, कुठला निरोप आत जाऊ देत नाही, हे मी कोणालाही अर्धा तास सांगू शकतो. हावळला हे कळल्यापासून त्याचा दर रविवारी सकाळी फोन येतो. सातनंबर कधीच भंगारात गेला, तोही आता काम करत नाही, पण आवाज अजून शेडमध्ये असल्यासारखाच मोठा आहे.

आज सकाळीही आला.

"सर, हात कुठाय?"

"धरलाय," मी म्हणालो.

"नक्की?"

मी टेबलाकडे बघितलं. शुक्रवारची गोळी पाकिटात तशीच होती. शनिवारचीही.

"एक मिनिट थांबा, हावळ," मी म्हणालो, आणि फोन ठेवून पाणी आणायला उठलो.